तांब्याच्या तारेवरचा वेग: ग्राहकाला मोजमाप मिळायला हवे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

लँडलाइनवरचे ब्रॉडबँड संथ चालले की तारेलाच दोष दिला जातो. तांब्याच्या तारेची कुवतच तेवढी, असे ग्राहकाला सांगितले जाते आणि तोही ते मान्य करतो. फायबर अजून न पोहोचलेल्या घरांच्या दृष्टीने हा प्रश्न जुना झालेला नाही, म्हणून हे पत्र.

डायल-अपच्या, म्हणजे मॉडेमने फोन लावून इंटरनेट जोडण्याच्या काळातली सेकंदाला ५६ किलोबिटची मर्यादा तारेने घातलेली नव्हती. बोलणे समजायला ३०० ते ३४०० हर्ट्झचा पट्टा पुरतो. म्हणून एक्स्चेंजमध्ये आवाज तेवढ्याच पट्ट्यात गाळून, सेकंदाला ८००० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला ८ बिट या हिशेबाने ६४ किलोबिटमध्ये बसवला जाई. मॉडेमचा संदेशही त्याच वाटेने जात असल्याने त्याला याहून अधिक काही मिळणे शक्यच नव्हते.

टेलिफोनच्याच तारेवर ब्रॉडबँड देणाऱ्या एडीएसएल या तंत्राने हा संदेश एक्स्चेंजमध्ये शिरतानाच आवाजापासून वेगळा काढला आणि त्याच तारेवरचा ११०४ किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा वापरात आणला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्राध्यापक जॉन सिऑफी यांनी पुढे नेलेल्या पद्धतीत या पट्ट्याचे ४.३१२५ किलोहर्ट्झ अंतरावरच्या २५६ उपवाहिन्यांत विभाजन होते. मॉडेम सुरू होताच दोन्ही टोकांची यंत्रे प्रत्येक उपवाहिनीवर संदेश किती स्वच्छ पोहोचतो ते मोजतात आणि त्यानुसार तिच्यावर किती बिट पाठवायचे ते ठरवतात. स्वच्छ उपवाहिनीवर एका वेळी १५ बिट जातात, तेही सेकंदाला ४००० वेळा. म्हणजे एकटी उपवाहिनी ६० किलोबिट वाहते, पूर्वीच्या अख्ख्या मॉडेमपेक्षा जास्त! जिथे गोंगाट, म्हणजे बाहेरून मिसळलेले नको असलेले संकेत आहेत तिथे दोन-तीन बिट पाठवले जातात, किंवा ती उपवाहिनी मोकळीच सोडली जाते. आकाशवाणीचे पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर आहे, म्हणजे याच पट्ट्यात. तारेचा जोड उघडा पडला असेल तर त्या आसपासच्या उपवाहिन्यांना त्याचा उपद्रव होऊ शकतो.

अपलोडचा वेग कमी ठेवण्यामागेही कारण आहे. एक्स्चेंजपाशी ग्राहकांच्या तारांच्या शेकडो जोड्या एकाच जाड केबलमध्ये एकमेकींना खेटून असतात. ग्राहकाकडून येणारा संदेश तिथे पोहोचेपर्यंत क्षीण झालेला असतो आणि शेजारच्या जोड्यांवर मात्र त्याच ठिकाणाहून जोरदार संदेश बाहेर पडत असतात. म्हणून अपलोडला खालचा, कमी क्षीण होणारा छोटा पट्टा दिला जातो आणि उरलेला मोठा पट्टा डाउनलोडकडे जातो.

खरी अडचण अंतराची. वारंवारता जितकी वरची, तितका संदेश तारेत लवकर विरतो. एडीएसएल टू प्लस या पुढच्या आवृत्तीने पट्टा दुप्पट करून २४ मेगाबिटपर्यंत मजल मारली, पण अडीच-तीन किलोमीटरपलीकडे त्या जादा पट्ट्याचा उपयोग जवळजवळ उरत नाही. इथे अंतर म्हणजे नकाशावरचे नव्हे, तर खांब, पिलर (रस्त्याकडेची जोडणी-पेटी) आणि डीपी (घरांना तारा वाटणारी छोटी पेटी) यांतून वळसे घेत आलेल्या तारेची लांबी. एक्स्चेंजच्या मागच्या गल्लीतल्या घराची तारही त्यामुळे लांब निघू शकते.

वेगाला दुसरी मर्यादा प्लॅनची असते. बीएसएनएल आणि एमटीएनएल यांनी २००५मध्ये ही सेवा आणली, तेव्हा २००४च्या धोरणानुसार २५६ किलोबिटलाच ब्रॉडबँड म्हटले जाई. एक्स्चेंजजवळच्या चांगल्या तारेची क्षमता त्याच्या कितीतरी पट होती. आपला वेग प्लॅनमुळे अडला, अंतरामुळे की पावसात भिजलेल्या जोडामुळे, हे कळायचा कोणताही मार्ग ग्राहकाला दाखवला जात नाही. तिन्हींवरचे उपाय मात्र वेगवेगळे आहेत: पहिल्यावर प्लॅन बदलावा लागेल, दुसऱ्यावर यंत्रणा घराजवळ आणावी लागेल आणि तिसऱ्यावर लाइनमन पाठवून जोड दुरुस्त करावा लागेल.

हे मोजमाप करायला नवे यंत्र लागत नाही. संदेशाचा क्षय, गोंगाटापासून उरलेली फारकत आणि प्रत्यक्ष जुळलेला वेग हे तिन्ही आकडे बहुतेक एडीएसएल मॉडेमच्या माहितीपानावर दिसतात. ते जोडणी देतानाच ग्राहकाला मराठीत लेखी द्यावेत. जाहिरातीत ‘अमुक मेगाबिटपर्यंत’ असे छापताना तो वेग किती लांबीच्या तारेवर मिळतो तेही छापावे. आणि वेगाची तक्रार बंद करण्यापूर्वी नव्याने मोजलेले आकडे तक्रारीसोबत नोंदवणे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सर्व कंपन्यांना बंधनकारक करावे.

आपला,
दूरसंचार क्षेत्रातील एक निवृत्त अभियंता, पुणे