कृषिमंत्री महोदय, घेवडा डिसेंबरात पेरतात का?

माननीय कृषिमंत्री,
मॉरिशस सरकार, पोर्ट लुई यांस,

सप्रेम नमस्कार.

आपण कुशल असाल. पत्र मराठीत आलं म्हणून नवल वाटून घेऊ नये. अर्ज इंग्रजीत केला, स्मरणपत्र फ्रेंचमध्ये दिलं, खिडकीवर भांडलो ते क्रिओलमध्ये. तिन्ही भाषांत उत्तर एकच मिळालं, ‘बघू’. म्हणून आता घरच्या भाषेत लिहितो. इथले चार मराठी आणि तिकडचे महाराष्ट्रातले दहा तरी वाचतील.

विषय लहान आहे. लाल घेवड्याचं बियाणं.

गेल्या वर्षी मार्चमध्ये आमच्या गावात एका सरकारी कचेरीतले साहेब आले होते. (कचेरीचं नाव लिहीत नाही, उद्या पुन्हा त्याच खिडकीवर उभं राहायचंय.) साहेबांनी भाषण छान केलं. देशाने आपली डाळ आपण पिकवली पाहिजे, लहान शेतकरी हाच कणा, एप्रिलअखेर प्रत्येकाला बी घरपोच. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. एक अर्पां (म्हणजे एकराहून किंचित जास्त) जमीन नांगरून ठेवली, गाडीभर शेणखत विकत घेतलं, ठिबकच्या नळ्या आणल्या, त्यासाठी बायकोच्या बचतीला हात घातला.

बी आलं डिसेंबरात. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा आणि वर वादळांचा मोसम. पारा तिशीपुढे गेला की घेवड्याची फुलं शेंग धरायच्या आत गळतात. हे मला माझ्या आज्याने सांगितलं होतं, त्याला सहीसुद्धा येत नव्हती. पाकीट फोडलं तर दाणे गुलाबी, बुरशीनाशक चोळलेले. म्हणजे पेरावं तर वेळ गेलेली आणि शिजवावं तर विष. तरी पेरलं. फुलं बघायला मिळाली, त्याबद्दल आभारी आहे. ज्या थोड्या शेंगा धरल्या त्या माकडांनी नेल्या. हीच माकडं पकडून, पैदास करून परदेशी प्रयोगशाळांना विकली जातात. तेव्हा माझा घेवडा अगदीच वाया गेला असं म्हणता येणार नाही, तो माकडांच्या पोटातून परकीय चलन होऊन देशाच्या तिजोरीत जमा झाला असेल. पावती मात्र मला मिळालेली नाही.

आता आपण म्हणाल, एका म्हाताऱ्याच्या एका अर्पांचं काय एवढं? तर मग देशाचं बोलू.

या बेटावर गरिबाच्या ताटात प्रोटीन येतं ते डाळीतून, घेवड्यातून आणि मसुरातून. मासळीचे भाव काय झालेत ते आपला खानसामा सांगेल. दालपुरी आपण राष्ट्रीय खाद्य म्हणून मिरवतो. तिच्यातली पिवळ्या वाटाण्याची डाळ प्रामुख्याने कॅनडाची. तिच्यावर वाढायची ग्रो प्वाची भाजी, तो पावटा मादागास्करचा. मैद्याचा गहू परका. आमचं स्वतःचं काय, तर लाटणं आणि मिरचीची चटणी. गणेश चतुर्थीला सरकार सार्वजनिक सुट्टी देतं, फार उपकार आहेत, पण त्या दिवशी आम्ही शिजवतो ते पुरणही बोटीतून उतरलेलं असतं. देशाचं तीन चतुर्थांशाहून जास्त अन्न आयात होतं, हा आकडा सरकारी भाषणांतूनच ऐकलाय. कमीजास्त असेल तर दुरुस्त करावा, मी कागदावर कागद मागून थकलो.

माझा हिशेब साधा आहे. साडेबारा लाख माणसं, माणशी रोजची मूठभर डाळ, म्हणजे तीसेक ग्रॅम. वर्षाला तेरा-चौदा हजार टन झाली. त्या मुठीतून सात ग्रॅम प्रोटीन मिळतं आणि साठ किलोच्या माणसाला रोज अठ्ठेचाळीस तरी लागतं, पण ते राहू द्या. या तेरा-चौदा हजारांचा दहावा हिस्सा इथे पिकवायचा म्हटलं, तरी हेक्टरी एक टन धरून चौदाशे हेक्टर पुरतात. ऊस सोडून ओसाड पडलेली जमीन या देशात त्याहून पुष्कळ जास्त आहे. आणि उसाच्या दोन ओळींमध्ये घेवडा घेणं आम्हाला कुणी शिकवायला नको, आमचे बापजादे घेत होते.

पण ऊस! 1975 च्या साखर करारानंतर युरोपने चढा भाव दिला आणि आपण शेतकऱ्याला दुसरं काही सुचू दिलं नाही. भाव 36 टक्क्यांनी उतरला, 2009 मध्ये करारच संपला. एकेकाळी वीसच्या वर कारखाने होते, आता तीन उरले. रिकाम्या जमिनीवर डाळ येईल असं मला वाटलं होतं. आले व्हिला. पोहण्याच्या तलावासकट. परदेशी गृहस्थाला जमीन द्यायला योजनांवर योजना निघाल्या, आणि मला दोन किलो बी द्यायला आठ महिने. लाल घेवड्यासाठी नावाजलेल्या आपल्याच रॉड्रिग्ज बेटावरही पाण्यावाचून बांध ढासळतायत. तिथला घेवडा आता बाजारात भेट द्यायची चीज असल्यासारखा मिळतो, किलोचा भाव विचारायची हिंमत होत नाही.

2020 विसरलात का? मार्चमध्ये दुकानं बंद झाली, एप्रिलमध्ये उघडली ती आडनावाच्या अक्षराने. माझं आडनाव ‘पी’ने सुरू होतं, म्हणून मी बुधवारी आणि शनिवारी रांगेत. आत पोचेपर्यंत डाळीची फळी कितीदा रिकामी दिसली. तेव्हा सगळे पक्ष एका सुरात म्हणाले, आता स्वयंपूर्ण व्हायचं. मग बोटी आल्या आणि सूर बदलला. 2023 मध्ये भारताने बासमती सोडून पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, तेव्हा आपल्यासाठी 14,000 टनांची खास सवलत मिळाली आणि आपण हुश्श म्हणालो. डाळीच्या बाबतीत तेवढाही आधार नाही, कारण डाळीसाठी भारत स्वतःच जगाच्या दारात उभा आहे.

1834 पासून आमची माणसं भारतातून मजुरीच्या करारावर इथल्या मळ्यांवर आली, तेव्हा करारात शिध्याची डाळ लिहिलेली असे. गोरा मालक ती कापायचा, सडकी द्यायचा, पण कागदावर तरी होती. आज तांदळाला आणि पिठाला अनुदान आहे, त्याच तांदूळ-पिठावर जगून दर पाचांतल्या एका प्रौढाला मधुमेह आहे, आणि दवाखान्यातली बाई मला सांगते, आजोबा, भात कमी करा, कडधान्य वाढवा. कुठून वाढवू? निवडणुकीत मत मागायला येणारा प्रत्येक जण माझ्या ओट्यावर बसून दालपुरी खाऊन गेलाय. दोन-दोन जोड्या. सरकारं बदलली, खाणाऱ्यांची भूक तीच.

माझं मागणं एवढंच. बी एप्रिलच्या आत द्या, स्थानिक जातीचं द्या. ओसाड ऊसजमीन लहान शेतकऱ्याला डाळीसाठी पाच-पाच वर्षांच्या खंडाने द्या. पिकलेल्या मालाला पेरणीआधी भाव जाहीर करा, नाहीतर काढणीच्या दिवशी बोट लागते आणि व्यापारी आमच्या पोत्याकडे बघतसुद्धा नाही. माकडांचं काय करायचं ते आपल्यालाच ठाऊक, ती आपल्या जास्त जवळची आहेत.

ठिबकच्या नळ्यांची रसीद सोबत जोडली आहे. भरपाई मिळणार नाही हे मला माहीत आहे, पण फायलीत तरी लागू द्या.

आपला,
व्हाकोआकडचा एक लहान शेतकरी