मुली येतातच किती?

महोदय,

पावसाळा सरला की गावोगावच्या रस्ता शर्यतींची पत्रके हातात पडू लागतात. आमच्या तालुक्यातल्या अशाच एका शर्यतीचे पत्रक माझ्यासमोर आहे. खुला गट पुरुष, प्रथम क्रमांक 11 हजार रुपये. खुला गट महिला, प्रथम क्रमांक 5 हजार. अंतर दोघांनाही सारखेच. विचारायला गेले तर आयोजक म्हणाले, ‘‘मॅडम, मुली येतातच किती?’’ शाळेत खेळ शिकवायचे तेव्हापासून हेच उत्तर ऐकत आले आहे.

हाच युक्तिवाद सर्फिंगमध्येही, म्हणजे फळीवर उभे राहून समुद्राच्या लाटांवर स्वार होण्याच्या खेळातही, वर्षानुवर्षे चालला. जागतिक मालिकेत पुरुष 36 आणि स्त्रिया 18, म्हणून बक्षिसाची रक्कमही त्याच हिशेबाने. ऑस्ट्रेलियाच्या स्टेफनी गिलमोरची बहुतेक कारकीर्द या हिशेबात गेली. 2007 मध्ये मालिकेत आली आणि पहिल्याच वर्षी जगज्जेती झाली. पुढची तीन वर्षेही अजिंक्यपद तिच्याकडेच. 2010 च्या डिसेंबरात घराजवळ एका अनोळखी माणसाने लोखंडी सळईने हल्ला करून तिचे मनगट मोडले. त्यातून उठून ती 2012 मध्ये पुन्हा जिंकली. या खेळात फेरीत कितीही लाटा घेतल्या तरी सर्वोत्तम दोनच धरतात, प्रत्येकी 10 पैकी गुण. म्हणजे लाट चांगली मिळणे हेच निम्मे यश. त्यात समुद्र छान उठला की पुरुषांच्या फेऱ्या लावायच्या आणि वारा फिरला की बायकांना पाण्यात पाठवायचे, ही तिथल्या खेळाडूंची जुनी तक्रार. खराब लाटांवर खेळायला लावायचे आणि वर ‘यांचा खेळ बघायला मजा येत नाही’ म्हणायचे! मला याची फार चीड येते.

2018 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बलिटो इथल्या कुमार स्पर्धेचा एक फोटो जगभर फिरला. विजेता मुलगा आणि विजेती मुलगी शेजारी शेजारी उभी, हातात मोठाले धनादेश: त्याच्यावर 8 हजार रँड, तिच्यावर 4 हजार. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात मॅव्हरिक्सच्या महाकाय लाटांवरच्या स्पर्धेसाठी परवानगी देणाऱ्या सरकारी यंत्रणेने समान बक्षिसाचा आग्रह धरला. सप्टेंबरात जागतिक मालिका भरवणाऱ्या वर्ल्ड सर्फ लीगने जाहीर केले, 2019 पासून रक्कम सारखी. स्पर्धकांची संख्या तीच राहिली, तरी मालिका काही बुडाली नाही. 2022 मध्ये गिलमोर क्रमवारीत पाचवी असताना अंतिम दिवशी एकेकीला हरवत वर चढली आणि अग्रस्थानी असलेल्या कॅरिसा मूरला नमवून तिने आठवे जगज्जेतेपद घेतले. पॅरिस ऑलिंपिकमध्ये तर सर्फिंगला 24 पुरुष आणि 24 स्त्रिया होत्या. आपल्याकडे बीसीसीआयनेही 2022 मध्ये सामन्याचे मानधन समान केले.

मुली आधी याव्यात, मग बक्षीस वाढवू, हा क्रमच उलटा आहे. पाचाच्या जागी अकरा हजार लिहिलेले पत्रक घरी गेले, तर मुलीला सरावाला नाही म्हणताना आईबापही दोनदा विचार करतील.

शर्यतीसाठी रस्ता बंद करायला पोलिसांची परवानगी लागते, बक्षिसांना नगरपरिषद आणि लोकप्रतिनिधी हातभार लावतात. या मंडळींनी यंदाच्या हंगामापासून एकच अट घालावी: दोन्ही गटांची रक्कम समान असल्याशिवाय परवानगी नाही आणि निधीही नाही.

– एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, रत्नागिरी