दिवाळी पहाटेचा हिशेब जमवून देणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

दिवाळी पहाटेची संहिता वर्डमध्येच ठेवायची, हा आमचा हट्ट. निवेदन, ध्वनिवाल्यांसाठीच्या खुणा, कुठल्या गाण्याला काळी दोनच्या पट्टीतला तबला लागणार, सगळं एकाच फाइलीत. फक्त 'आता किती वेळ झाला' हे पेन्सिलीने मांडत बसायचो. तुमच्या डीटीपीच्या दुकानात छपाईला आलो आणि तुम्ही म्हणालात, "वर्डलाच बेरीज करू द्या की!"

४:३५ लिहिलं तरी ती वेळ आहे हे वर्डला समजत नाही. म्हणून तुम्ही गाण्यांच्या तक्त्यात सी स्तंभात मिनिटं आणि डीमध्ये सेकंद वेगळे काढलेत. निम्मं काम तिथेच झालं. मग ई स्तंभात कंट्रोल आणि एफ ९ दाबून महिरपी कंस आणलेत (हाताने टाइप केलेले कंस काहीच करत नाहीत, हेही तेव्हाच कळलं) आणि आत सूत्र. तिथवरची मिनिटं गुणिले ६०, अधिक सेकंद; मग ६० ने भागून 'इंट'ने पूर्ण मिनिटं, 'मॉड'ने उरलेले सेकंद. ४:३५, ६:५० आणि ५:२०, तिसऱ्या गाण्यासमोर १६:४५ हजर! शिवाय १७:५ असं बोडकं दिसू नये, १७:०५ दिसावं, म्हणून दोन शून्यांचा साचाही लावलात. इतकं बारीक कोण बघतं?

पण खरे आभार पुढच्यासाठी. तबले सारखे बदलायला लागू नयेत म्हणून एका पट्टीतली गाणी सलग घ्यायची ठरली आणि सगळा क्रम हलला. वर्डच्या सूत्रातले चौकटींचे पत्ते एक्सेलसारखे आपोआप सरकत नाहीत. तुम्ही त्याचीच सोय करून घेतलीत: ई स्तंभाला हात लावायचा नाही, फक्त नाव, मिनिटं आणि सेकंद वरखाली करायचे, मग कंट्रोल ए दाबून सगळं निवडायचं आणि एफ ९ने आकडे ताजे करायचे. एफ ९ राहिलं तर जुनाच आकडा दिसत राहतो, हे तुम्ही दोनदा बजावलंत. मधे ओळ घुसवावी लागू नये म्हणून शेवटी शून्य भरलेल्या जादा ओळीही ठेवून दिल्यात. भैरवीच्या आधी किती मिनिटं हातात आहेत, हे निवेदिकेला यंदा कागदावरच दिसत होतं.

पैसे विचारले तर तुम्ही छपाईचेच घेतलेत. कोरा तक्ता मंडळात सगळ्यांना दिलाय. त्यावर तुमचं नाव घालू दिलं नाहीत, म्हणून हे पत्र.

आपली,
मंडळाची कार्यवाह