काकू, तुमची शेवटची ओळ कुठे आहे?

प्रिंटरचा टोनर भरायला येणाऱ्या दादास,

तुझं नाव विचारायचं राहूनच गेलं. माझ्या मोबाइलमध्ये तू 'टोनर' म्हणून आहेस, तुझ्या मोबाइलमध्ये मी बहुतेक 'बी विंग काकू' असेन. वयाने माझ्या मुलापेक्षा लहान आहेस, तरी दादाच म्हणते. त्या दिवशी हिशेबाची फाइल उघडल्याच्या आनंदात मी तुला साधा चहाही विचारला नाही. तू जिना उतरल्यावर लक्षात आलं आणि चुटपुट लागून राहिली. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण त्या आठवड्यात सल्ले द्यायलाही सगळेच होते.

८४ सदनिकांची आमची सोसायटी आणि मी तिची खजिनदार. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी, तिची नोटीस १४ दिवस आधी लागायला हवी, आणि चिटणीसांना ऑगस्टअखेरची थकबाकीची यादी हातात हवी. इकडे माझी एक्सेलची फाइल उघडली की दोन मिनिटं गोल चकली फिरायची, पडदा पांढुरका व्हायचा आणि सगळं आपोआप बंद. पुन्हा उघडावं तर डावीकडे 'वाचवलेल्या' तीन प्रती. त्यातली खरी कोणती हे ओळखेपर्यंत परत बंद. अध्यक्ष म्हणाले फॉरमॅट मारा. जावई म्हणाले रॅम वाढवा, ४ जीबीत हल्ली काही होत नाही. एकाने तर नव्या संगणकाचं कोटेशनच आणून दिलं.

तू आलास तो प्रिंटरसाठी. काळे झालेले हात फडक्याला पुसत विचारलंस, "बाकीच्या फाइली उघडतात का?" इतके दिवस हे मला कुणीच विचारलं नव्हतं. उघडत होत्या. "मग संगणकाला कशाला बोल लावता?" असं म्हणून तू स्टूल ओढून बसलास.

तू आधी काय केलंस ते मी मुद्दाम लिहून ठेवलंय. फाइल पेनड्राइव्हवर होती आणि मी थेट त्यावरच काम करायचे. तू डोक्याला हात लावलास, बोलला मात्र काही नाहीस. एक प्रत डेस्कटॉपवर घेतलीस आणि मूळ फाइलला शेवटपर्यंत हात लावला नाहीस. मग कंट्रोल दाबून धरून एक्सेल सुरू केलंस आणि सेफ मोडमध्ये, म्हणजे जादा काही न जोडता, फाइल उघडून पाहिलीस. तिथेही बंद पडली. म्हणजे एक्सेलला जोडलेल्या अ‍ॅड-इनचा, त्या छोट्या जादा प्रोग्रामचा, दोष नाही, एक शंका गेली. दुसरी शंका प्रिंटरची. दोन वर्षांपूर्वी भंगारात दिलेला प्रिंटर अजून डिफॉल्ट म्हणून बसला होता. पानाची मांडणी करायला एक्सेल त्यालाच विचारत बसतं, तो बिचारा उत्तर कुठून देणार? तो बदललास. उघडणं जरा हलकं झालं, पण पडायची ती पडलीच. मी म्हटलं राहू दे रे, तुझी पुढची गिऱ्हाइकं खोळंबली असतील.

त्यावर तू जे केलंस ते मला जादूच वाटलं. प्रतीच्या नावापुढचं एक्सएलएसएक्स खोडून तिथे झिप लिहिलंस आणि फाइल चक्क फोल्डरसारखी उघडलीस. एक्सेलची फाइल म्हणजे आतून बांधलेलं गाठोडंच असतं, हे मला वयाच्या ६३व्या वर्षी कळलं. आत प्रत्येक शीटची वेगळी फाइल. सभासदांच्या यादीची काही केबींची, आणि एप्रिल ते ऑगस्ट या पाच महिन्यांची प्रत्येकी शंभर एमबीच्या आसपास. "काकू, ८४ घरांचा हिशेब एवढा?"

मग तू एक्सेलची रिकामी वही (वर्कबुक) उघडून आकडेमोड मॅन्युअलवर टाकलीस, म्हणजे सांगितल्याशिवाय एक्सेलने हिशेब करायचा नाही, आणि त्यानंतर माझी फाइल उघडलीस. आधी उघडलेल्या वहीचा नियम नंतरचीलाही लागतो म्हणे. या वेळी वेळ लागला, पण फाइल उघडून तशीच उभी राहिली! ऑगस्टच्या शीटवर येऊन तू म्हणालास, "आता कंट्रोल आणि एंड दाबा. तुमची शेवटची ओळ कुठे आहे ते बघू." मी दाबलं. माझी बेरजेची ओळ ९०वी. कर्सर मात्र थेट १०,४८,५७६ वर. त्याच्या खाली एक्सेलमध्ये ओळच नसते.

आणि मला एकदम आठवलं. एप्रिलमध्ये थकबाकीवर २१ टक्के सरळ व्याजाचा कॉलम मीच घातला होता. भाच्याने शिकवलेल्या कंट्रोल-शिफ्ट-बाणाने कॉलम निवडला, सूत्र खाली भरलं. खाली काहीच नसल्याने निवड थेट तळाला गेली. सूत्रही असं की थकबाकी नसेल तर शीटवरचं ते घर (सेल) कोरं दाखव. त्यामुळे दहा लाख सूत्रं कोऱ्या कागदासारखी बसून होती, दिसणार कुठून? दर महिन्याला मी मागचं शीट कॉपी करायचे. पाच महिन्यांत बावन्न लाख! मी फर्ममध्ये रोजकीर्द आणि खतावणी हाताने लिहिलेली बाई. रुपया चुकला तर रात्री तेरीज जुळेपर्यंत घरी जायचे नाही. आणि इथे बावन्न लाख घरं नकळत भरून बसले होते.

तू हसला नाहीस. माऊसही हातात घेतला नाहीस, मलाच करायला लावलंस. ९१ नंबरची ओळ निवडायची, तिथून तळापर्यंत, मग उजव्या क्लिकने डिलीट. नुसती डिलीटची कळ दाबली तर रंग आणि चौकटी मागे राहतात, हे दोनदा बजावलंस. एक शीट झालं की सेव्ह, मगच दुसरं. मधल्या वेळात तू प्रिंटर जोडलास. पाचवं शीट सेव्ह झालं, आकडेमोड परत ऑटोमॅटिकवर आणली. चाळीस एमबीची फाइल ३०० केबींवर आली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडली. ऑगस्टची थकबाकी मी कॅल्क्युलेटरवर ताडून पाहिली. पैशालासुद्धा फरक नव्हता.

पैसे मात्र तू फक्त टोनरचे घेतलेस. "फाइल तुम्हीच केलीत की," म्हणालास. असं कसं चालेल? पुढच्या वेळी येशील तेव्हा घाईत येऊ नकोस. गुळपोळीचे दिवस असले तर गुळपोळी, नसले तर थालीपीठ, पण बसून खायचं. कोटेशन आणणाऱ्यांना ते मी परत दिलंय.

तुझी,
बी विंग काकू

ता. क. सप्टेंबरचं शीट केल्यावर कंट्रोल-एंड दाबून पाहिलं. कर्सर ९१ वर गेला. ९० हवा होता ना? अर्धा तास शोधलं, एका घरात नुसता स्पेस पडला होता. ओळ उडवली, सेव्ह केलं. आता ९०.