अंगावरचं कमी कर, अंगाखालचं वाढव

नाशिक,
18 नोव्हेंबर

प्रिय मंजू,

परवा हरिश्चंद्रगडाच्या ट्रेकचं ठरवताना तुझा फोन मध्येच कट झाला आणि मागोमाग मेसेज आला, 'येते, पण रात्री गावात एखादी खोली बघ, मला बाहेर झोप लागत नाही.' फोनवर तुझ्याशी वाद घालणं म्हणजे माझीच हार, म्हणून सावकाश लिहायला बसले आहे. तुला बाहेर झोप लागत नाही हे मला मुळीच मान्य नाही. गेल्या हिवाळ्यात रतनगडावर तुला झोप लागली नाही, एवढंच खरं. आणि का लागली नाही हे मी शेजारी पडून पाहिलंय.

आठव जरा. आपल्या सगळ्यांत तुझी सॅक जड होती. दोन किलोची स्लीपिंग बॅग, घरची उशी, शाल, वर आणखी एक ब्लँकेट. आणि अंगाखाली काय? पापड वाळत घालायची प्लॅस्टिकची चटई! गुहेतला तो कातळ रात्रभर तुझी ऊब ओढून घेत होता आणि तू तव्यावरच्या भाकरीसारखी या कुशीवरून त्या कुशीवर. पहाटे म्हणालीस, 'बॅग फालतू निघाली.' बॅग चांगली होती गं. पण स्लीपिंग बॅगेत ऊब धरून ठेवते ती तिच्या भरणातली हवा. आपण तिच्यावर आडवे झालो की अंगाखालचं भरण दबून सपाट होतं, हवा निघून जाते आणि जमीन व आपण यांच्यामध्ये उरतात कापडाचे दोन पदर. मग वरून तीन पांघरुणं घे नाहीतर पाच, पाठ गारच राहणार. परदेशात पाठीवर घर घेऊन महिनोन् महिने चालणारे लोक म्हणूनच बॅगेऐवजी नुसती क्विल्ट, म्हणजे पांघरायची रजई, नेतात. तिला पाठीकडची बाजूच नसते. जे दबून वाया जाणार ते वाहायचं कशाला, असा त्यांचा रोकडा हिशोब.

तेव्हा पहिली खरेदी कॅरीमॅटची, म्हणजे अंगाखाली घालायच्या गुंडाळीच्या मॅटची. चांगल्या मॅटवर 'आर व्हॅल्यू' म्हणून एक आकडा छापलेला असतो. जितका जास्त तितकी जमिनीची थंडी कमी पोचते. साध्या फोमच्या मॅटचा दोनच्या आसपास भरतो. सह्याद्रीतल्या डिसेंबरला दोन-तीन पुष्कळ झाले. बर्फात झोपायचं असेल तर चार-पाचच्या पुढे हवा. आणि गंमत म्हणजे एकावर एक दोन मॅट टाकल्या की आकड्यांची सरळ बेरीज होते. मी खाली फोमची टाकते आणि तिच्यावर हवेची. दोन्ही मिळून किलोभराच्या आतच. एकटी हवेची नेली तर करवंदीचा एक काटा पुरतो, आणि रात्री दोन वाजता भोक शोधत बसायचा उत्साह आता आपल्या वयात नाही.

तुझं दुखणं कमरेचं. कुशीवर झोपणाऱ्या बाईचा सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो, आणि फोमवर ते हाड टेकतंच. हवेची मॅट त्यासाठीच. पण तीही लोक अशी टम्म फुगवतात की झोपणारा रात्रभर तिच्यावरून घसरत राहतो. असं कर: आधी पूर्ण फुगव, तिच्यावर कुशीवर आडवी हो आणि मग व्हॉल्व्ह किंचित उघडून हवा सोड. खुबा हळूहळू खाली रुतायला लागेल. तळहात सरकवून बघत राहा. जमीन लागणार, लागणार असं वाटलं की तिथेच बंद कर. पाठीवर वळलीस की थोडी मऊ वाटेल, पण खुबा आणि खांदा दोन्ही निवांत राहतील. गुडघ्यांच्या मध्ये विंडचीटरची गुंडाळी. उशी म्हणजे कपड्यांची पिशवी, वरून मऊ बनियन. घरची उशी आणायची नाही म्हणजे नाही.

आता बॅगेचं. दुकानदार तुला लेबलवरचा मोठा आकडा दाखवेल. तो बघू नकोस. त्यावर साधारण तापमानाचे तीन आकडे असतात: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. लिमिट हा पुरुषाच्या हिशोबाने, तोही बॅगेत अंग चोरून झोपलेला धरून काढलेला असतो. कम्फर्ट बाईच्या हिशोबाने. एक्स्ट्रीम म्हणजे जीव वाचेल इतपत, त्याला झोप म्हणत नाहीत. हे आकडेसुद्धा अंगात थर्मल आणि खाली मॅट आहे असं धरून काढलेले असतात, पापडाची चटई धरून नव्हे. आपण ज्या डोंगरांत जातोय तिथे कम्फर्ट पाच अंशांची बॅग पुरते. पिसांची घेतलीस तर किलोच्या आत बसेल, फक्त ती दवात भिजवायची नाही. भिजली की पिसं एकमेकांना चिकटतात आणि तिचं पार फडकं होतं. आणि घरी ती दाबून कोंबून ठेवू नकोस, कपाटात मोकळी टांग.

ओलं झालं तरी ऊब देतं ते लोकरीचं घोंगडं. चिंचोक्याची खळ देऊन ताठ केलेलं, भर पावसात धनगराच्या डोक्यावर खोळ होऊन फिरणारं. माझ्याकडे आजोबांचं आहे आणि त्याच्याइतकी गाढ झोप मला दुसऱ्या कशाखाली लागत नाही. पण दोन-अडीच किलो वजन घेऊन आपल्या वाटेवरची कात्राबाईची खिंड चढायची म्हणजे मग घोंगड्यालाच वर पोचवून यायचं. ते घरी राहू दे.

एवढं सामान सांगितलं खरं, पण झोप निम्मी ठरते ती जागेवर, आणि जागा फुकट असते. अंधार पडायच्या आत ती शोधायची. आपला बेत असा: पहिल्या दिवशी रतनवाडीहून निघून खिंडीतून कुमशेत, मुक्काम तिथे. दुसऱ्या दिवशी पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड. तिसऱ्या दिवशी टोलारखिंडीने खिरेश्वरला उतरायचं. तू विचारलंस की कुमशेतला नदीकाठी झोपायचं का. फोटोला छान, झोपायला वाईट. आभाळ निरभ्र असलं की जमीन रात्री झपाट्याने निवते, तिच्याजवळची हवा गार होऊन जड होते आणि उतारावरून वाहत सखलात येऊन साचते. महाबळेश्वरचंच बघ ना. दर हिवाळ्यात पेपरात फोटो येतात ते वेण्णा तलावाकाठचे आणि लिंगमळ्याचे, गवतावर दव गोठल्याचे. वर बाजारपेठेत एवढी थंडी नसते. आपल्या जिल्ह्यातही नीचांकी पारा म्हटलं की निफाड, आणि निफाड काही डोंगरावर नाही. म्हणून नदीपासून थोडं वर चढायचं, उताराच्या मध्यावरचा एखादा सपाट तुकडा बघायचा. शक्य तर झाडाखाली. उघड्या आभाळाखाली बॅग सकाळी पिळून काढावी इतकी दवाने भिजते, झाडाखाली तीच जवळजवळ कोरडी राहते. फांदी वाळकी नाही ना, तेवढं मात्र मान वर करून बघ.

जागा पसंत पडली की मॅट टाकायच्या आधी नुसत्या जमिनीवर आडवी हो. लोक बघतील, बघू देत. डोळ्यांना सपाट दिसणारी जमीन पाठीला तशी लागत नाही. डोकं उताराच्या वरच्या बाजूला. मग उठून तळहाताने सगळी जागा झाडून घे. हाताला लागलेला वाटाण्याएवढा खडा मध्यरात्री लिंबाएवढा होतो. कापलेल्या कारवीचे किंवा झुडपांचे बुडखे असतील तर ती जागा सोडून दे, ते उपटत बसू नकोस.

कुमशेतला याहून चांगली सोय होण्याची आशा आहे. त्या भागात भाताची झोडणी उरकून पेंढा रचलेला असतो. एखाद्या घरी विचारून पडवीत जागा मागायची आणि दोन-चार पेंढ्या मॅटखाली पसरायच्या. शेणाने सारवलेली जमीन, त्यावर वीतभर पेंढा, त्यावर मॅट. फुगवायला नको, पंक्चर व्हायला नको. पेंढ्या आधी उचलून चांगल्या झटकून घ्यायच्या, सकाळी जशा होत्या तशा रचून ठेवायच्या आणि जेवणाचे, जागेचे पैसे न विचारता द्यायचे. गुराचा चारा आहे तो, आपली गादी नव्हे.

गडावर मात्र कोकणकड्याजवळ झोपायचा हट्ट धरू नकोस. सूर्यास्त बघू, पोटभर बघू, आणि मागे येऊ. कोकणातून कड्याला धडकून वर येणारा वारा तंबू रात्रभर फडफडवतो, आणि अंधारात लघवीला उठलेल्या माणसाने कड्याजवळ नसावंच. देवळाच्या बाजूला आडोसा आहे. हा सगळा पट्टा अभयारण्यात येतो, त्यामुळे मुक्कामाचे सध्याचे नियम मी पाचनईत आधी विचारून ठेवते. शेकोटीचं नाव काढू नकोस. गवत वाळलेलं, कड्याला आग्यामोहोळ, आणि शेकोटीने एकच बाजू भाजते.

ऊब आतून आणायची. बॅग हीटर नाही, तुझ्याजवळ असेल तेवढीच ऊब ती राखते. गारठलेली आत शिरलीस तर गारठलेलीच राहशील. म्हणून निजण्याआधी चार बैठका काढ, नाहीतर देवळाभोवती जोरात दोन फेऱ्या मार. घाम येईपर्यंत नको. दिवसभराचे घामट सुती कपडे बदलायचे, अगदी जिवावर आलं तरी. पायात फक्त झोपण्यासाठी ठेवलेले कोरडे मोजे. डोक्याला माकडटोपी. हसू नकोस, एवढ्या कमी वजनात एवढी ऊब देणारी दुसरी वस्तू बाजारात नाही, आणि रात्री तुला बघायला येतंय कोण? तोंड मात्र बॅगेबाहेर ठेव. आत श्वास सोडलास की त्याची वाफ भरणात जाते. जेवायला खिचडी, वर तुपाची धार, उशाशी गूळ-शेंगदाणे. मध्यरात्री थंडी वाजून जाग आली की दोन घास खा, थोड्या वेळाने पाय गरम होतात. गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून मांड्यांमध्ये ठेवायची. झाकण आधी उलटं धरून तपास. आणि लघवीला लागली तर पहाटेपर्यंत कळ काढत पडू नकोस. तू मागच्या वेळी तेच करत होतीस. मला हाक मार, मी येते.

तुझा खरा प्रश्न तू फोनवर हळूच विचारलास, सापाविंचवाचा. त्यात घाबरटपणा काही नाही. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावा पुष्कळदा दुखतही नाही, पहाटे पोटात कळा येतात आणि पापण्या मिटायला लागतात तेव्हा कळतं. म्हणून वजन कितीही कमी करत आणलं तरी चेनने पूर्ण बंद होणारा जाळीचा तंबू मी सोडत नाही. पडवीतसुद्धा तो लावायचा. तसं काही झालंच तर बाकीचे सगळे उपाय बाजूला ठेवून थेट दवाखाना, सापाच्या विषावरची लस तिथे मिळते. सकाळी बूट उलटे करून आपटायचे, ते विंचवासाठी. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात एके काळी किती माणसं, मुलं दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवलं, त्यांना 2022 साली पद्मश्री मिळाली. औषध आहे म्हणून बूट न झटकता पाय घालायचा असं नाही.

आणि वयाचं कारण तर सांगूच नकोस. अमेरिकेत एमा गेटवूड नावाची बाई 1955 मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, अ‍ॅपलेशियन ट्रेल ही डोंगरातली लांबलचक पायवाट एकटी चालून गेली. तीन हजार किलोमीटरहून जास्त. अकरा मुलांची आई. खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट, ना तंबू ना स्लीपिंग बॅग. ब्लँकेट होतं, आणि पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. तुला मी तिच्यासारखं झोपायला सांगत नाहीये, हवेची मॅट देतेय!

तर आता कामाचं. बॅग आणि फोमची मॅट तू नागपुरात बघ. हवेची माझ्याकडे जादा आहे, तंबू आपल्या दोघींत एक. सॅक भरून झाली की वजनकाट्यावर ठेव आणि आकडा मला कळव. पाणी-खाणं सोडून सात किलोच्या वर असेल तर मी फोनवर एकेक वस्तू बाहेर काढायला लावणार आहे. नाशिकरोडला पहाटे उतरलीस तरी मी स्टेशनवर असेन. घोटीला चहा-नाश्ता करून भंडारदऱ्यामार्गे रतनवाडी. अमृतेश्वराच्या देवळात मागच्या वेळी तुला घाईने फिरवलं होतं, या वेळी तासभर बसू.

तुझी,
वासंती

ता. क. : कानात घालायचे बोळे आण. शनिवारी गडावर स्पीकर लावून गाणी वाजवणारी मंडळी असतात, त्यांच्यावर आर व्हॅल्यू चालत नाही. आणि माझं घोरणं तुला ठाऊकच आहे.