डबा भरलेला परत यायला लागला की

संपादक साहेब, स.न.वि.वि.

माझी मुलगी दहावीला. दिवाळीनंतर तिचा डबा रोज तसाच परत यायला लागला, चपातीचा घाससुद्धा मोडलेला नसायचा, सकाळी शाळेची वेळ झाली की पोटात दुखायचं, आणि एका रविवारी केस विंचरायला बसवलं तर गुंता एवढा की कंगवाच फिरेना, ही तीच पोरगी जिला रोज दोन वेण्या एकसारख्या लागायच्या. आम्ही अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या, सासूबाईंनी अंगारा लावला, नवरा म्हणाला मोबाईल काढून घे. दीड महिना असाच गेला, त्याचं मला फार वाईट वाटतं.

शेवटी मानसोपचार डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, उदासपणा, चिडचिड, झोप-भूक बिघडणं, आवडीच्या गोष्टी सुटणं असं दोन आठवडे रोज चाललं तर दाखवायलाच पाहिजे, या वयात डिप्रेशन कधी कधी रडण्यापेक्षा चिडचिडीतनं जास्त दिसतं. आणि काळजीचा त्रास पोटात, छातीत निघतो, पोरी नाटक करत नसतात. आता समुपदेशन चालू आहे, हळूहळू खायला लागलीय.

लग्नाला अडचण येईल म्हणून लपवणाऱ्या आया मला आपल्या सांगलीतच भेटल्या, त्यांच्यासाठी लिहितेय. सरकारची टेली मानस हेल्पलाईन आहे, नंबर १४४१६, २०२२ पासून चालू, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मुलगी मरणाची भाषा करत असेल तर एकटी सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. शाळांनी हा नंबर मुलींच्या वर्गात फळ्याशेजारी लावावा ही विनंती.

– एक आई, विश्रामबाग, सांगली