आई-बाबांना, पत्रिका छापायला देण्याआधी

प्रिय आई-बाबा,

प्रभूच्या नावात सलाम.

परवा फोनवर माझ्या लग्नपत्रिकेचा विषय निघाला तेव्हा बाबा, तुम्ही म्हणालात, "वचन करिंथचंच टाकू. पहिलं पत्र, तेरावा अध्याय. सगळे तेच टाकतात." आणि लगेच म्हणालात, "पण तुमच्या ह्या प्रेमाला ते लावू नकोस हं. ते देवाचं प्रेम. माणसाचं आज असतं, उद्या नसतं." आई मागून "अहो, असू द्या" म्हणाली आणि बोलणं पाहुण्यांच्या यादीवर गेलं. माझ्या डोक्यातून मात्र ते वाक्य गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

तुमचं निम्मं म्हणणं मला पटतं. प्रीतीवरचा तो अध्याय लग्नासाठी लिहिलेलाच नाही. प्रेषित पौलाने तो इ.स. 55 च्या सुमारास ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या एका भांडणाऱ्या ख्रिस्ती मंडळीला लिहिला. तिथे कुणी म्हणे मी पौलाचा, कुणी म्हणे मी दुसऱ्या उपदेशकाचा, अपुल्लोसाचा. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत एकत्र जेवायला, जमले की खाऊनपिऊन सुखी असलेले आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. आत्म्याच्या प्रेरणेने अन्य भाषा बोलणारे बाकीच्यांना कमी लेखत. बाराव्या अध्यायात एका शरीराचे अवयव, चौदाव्यात उपासनेची शिस्त, आणि मधे हा तेरावा. नवरा-नवरी त्यात कुठेच नाहीत. ज्यांना आपण निवडलेलं नाही आणि ज्यांच्याशी आपलं पटत नाही, त्यांच्याबरोबर एकाच भाकरीत वाटा घेताना कसं वागायचं, ते पौल सांगतो आहे. लग्नाच्या दिवशी सहनशील असणं कुणालाही जमतं. म्हणून मला वाटतं, तो अध्याय लग्नापेक्षा मंडळीच्या वार्षिक सभेत वाचावा, आणि सावकाश वाचावा.

तो पत्रिकेवर नको म्हणण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते मला जास्त टोचतं. "सर्व काही सहन करते" हे शब्द आपल्या समाजात बायकांनाच ऐकवले जातात. नवरा हात उचलतो, दारू पिऊन येतो, तरी "प्रीती सहनशील आहे, बाई, प्रार्थना कर" असं सांगून थोरामोठ्यांनी मुलींना परत पाठवलेलं आई, तूही पाहिलं आहेस. ह्याला देवाचं प्रेम म्हणणं मला पाप वाटतं. इफिसकरांच्या पत्रात पौल नवऱ्यांना सांगतो की ख्रिस्ताने मंडळीवर प्रीती केली आणि तिच्यासाठी स्वतःला दिलं, तशी तुम्ही करा. त्या काळी घरात ज्याच्या हातात सगळं होतं, त्यालाच तो स्वतःला द्यायला सांगतो. पत्नीने अधीन असावं हे वचन आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या लगेच पुढचं हे वचन तेवढं पाठ नाही.

आता तुमच्या म्हणण्याचा दुसरा भाग. देवाच्या आणि माणसाच्या प्रेमात फरक आहेच, पण तो "टिकतं" आणि "टिकत नाही" एवढाच आहे असं मला वाटत नाही. बाबा, उत्पत्तीचा एकोणतिसावा अध्याय तुम्ही आम्हाला लहानपणी कितीदा सांगितलात! याकोबाने राहेलीसाठी सात वर्षं चाकरी केली आणि तिच्यावरच्या प्रेमामुळे ती त्याला थोड्या दिवसांसारखी वाटली. प्रेमात पडलेल्या माणसाबद्दल इतकं सुंदर वाक्य मी दुसरं वाचलेलं नाही, आणि ते पवित्र शास्त्रात आहे. त्याचं प्रेम तकलादू नव्हतं. तिच्या बापाने, लाबानाने, फसवल्यावर त्याने राहेलीसाठी आणखी सात वर्षं काढली.

पण त्याच घरात राहेलीची थोरली बहीण लेआ होती. निस्तेज डोळ्यांची, बापाने रात्रीच्या अंधारात नवऱ्याच्या गळ्यात बांधलेली. याकोबाचं प्रेम कितीही खरं असलं तरी ते राहेलीवरचं होतं, आणि एकीला निवडणाऱ्या प्रेमात दुसरी बाहेर राहतेच. यात त्या प्रेमाचा दोष नाही. शास्त्र पुढे सांगतं की लेआ नावडती आहे हे परमेश्वराने पाहिलं. मुलगे होत गेले आणि ती बिचारी म्हणत राहिली, आता तरी माझा नवरा माझ्यावर प्रेम करील. चौथ्या वेळी ती तसं म्हणाली नाही, "आता मी परमेश्वराचं स्तवन करीन" म्हणाली आणि मुलाचं नाव यहूदा ठेवलं. मत्तयाच्या शुभवर्तमानातली वंशावळ काढून बघा. येशू ख्रिस्त राहेलीच्या वंशात आला नाही, ह्या यहूदाच्या वंशात आला. मला फरक दिसतो तो इथे. आपण माणसं सुंदर दिसतं त्यावर प्रेम करतो. देव आधी प्रेम करतो आणि त्यातून माणूस सुंदर होतो. 1518 साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या वादसभेत धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने शेवटच्या धर्मशास्त्रीय मुद्द्यात नेमकं हेच मांडलं होतं. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, असं पौल रोमकरांना लिहितो तेही हेच.

म्हणून मी तुमच्या होणाऱ्या जावयावर देवासारखं प्रेम करते असं कधी म्हणणार नाही. मी त्याला निवडलं कारण तो मला आवडला. त्याचं हसणं आवडलं, घरात कामाला येणाऱ्या मावशींशी तो ज्या आदराने बोलतो ते आवडलं. हे निवडणं आहे, आणि त्याची मला लाज वाटत नाही. देवाला तरी ह्या प्रेमाची लाज कुठे वाटते? लोकांशी असलेलं आपलं नातं सांगताना त्याने होशेय संदेष्ट्याच्या तोंडून दुखावलेल्या नवऱ्याची भाषा वापरली. यशया संदेष्टा म्हणतो की नवरा नवरीमुळे हर्षतो तसा तुझा देव तुझ्यामुळे हर्षेल. पहिला चमत्कार काना गावच्या लग्नघरी झाला. आणि गीतरत्न, ते प्रेमिकांचं गाणं, शास्त्रातच आहे. बाराव्या शतकात क्लेअर्वोच्या बर्नार्ड नावाच्या मठाधिपतीने त्यावर 86 प्रवचनं लिहिली आणि 1153 मध्ये तो वारला तेव्हा जेमतेम तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीपर्यंत पोचला होता. लग्न न केलेला तो संन्यासी देवाबद्दल बोलायला प्रेमिकांच्या गाण्याशीच शेवटपर्यंत थांबला.

आपल्या नगरच्या टिळकांचंच बघा ना. 1895 मध्ये कवी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या. नवरा धर्म सोडून गेला, पण तिच्या मनातून गेला नाही. काही वर्षांनी त्या परत आल्या त्या नवऱ्यासाठी. ख्रिस्ताकडे मात्र त्या त्यांच्या वेळेने आणि त्यांच्या विचाराने आल्या, 1900 मध्ये. माणसावरच्या प्रेमाने त्यांना दारापर्यंत आणलं असं मी म्हणते. आणि एक गोष्ट मी विसरू शकत नाही. टिळकांचा हात सढळ, आलेले पैसे गरजवंताला देऊन मोकळे व्हायचे, आणि रिकाम्या डब्यांवर संसार चालवायचा लक्ष्मीबाईंनी. निःस्वार्थ प्रेमाचा खर्च अनेकदा घरातली दुसरी कुणी करत असते. टिळकांवर माझी श्रद्धा आहे, तरी हे मला म्हणावंसं वाटतं. आम्ही दोघांनी ठरवलं आहे की द्यायचं ते दोघांनी मिळून ठरवून द्यायचं.

तुमचं लग्न बघून ठरलेलं. लग्नाआधी तुम्ही एकमेकांशी धड बोललाही नव्हतात. पण आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बाबा, तुम्ही मोबाइलला गजर लावून तिच्या डोळ्यांत थेंब घालत होतात, आणि आधी साबणाने हात धुऊन, नखं बघून. ती चिडली की तुम्हीही चिडत होतात, तरी पुढच्या गजराला हजर. ते कुठल्या प्रकारचं प्रेम होतं ते मला सांगता येणार नाही. तुम्ही तिला निवडलं होतंत की ती तुम्हाला मिळाली होती, हा प्रश्न त्या खोलीत उरलाच नव्हता. माझ्या लग्नाने इथवर जावं एवढंच मी रोज मागते.

तेव्हा पत्रिकेवर गीतरत्नाचा आठवा अध्याय टाकू या, प्रेम मृत्यूसारखं प्रबळ आहे ते. करिंथचा अध्याय उपासनेत पाळकसाहेबांनी वाचावा, आणि आम्हा दोघांसाठी नको, जमलेल्या सगळ्यांसाठी वाचावा, काकांसाठीसुद्धा. जमिनीच्या वादापासून ते आपल्या दारात आलेले नाहीत. त्यांना आमंत्रण द्यायला तुम्ही स्वतः जावं असं मला मनापासून वाटतं. एकटं जायचं नसेल तर मी येते बरोबर.

आणखी एक. पुण्याचं घर आम्ही तळमजल्यावरचं बघतो आहोत. त्याच्या आई आमच्याजवळ राहणार आहेत, आणि एक खोली तुमच्यासाठी ठेवायची असं त्यानेच सुचवलं. नगर सोडा असं मी म्हणत नाही. आईचे गुडघे आणि आपला जिना बघता पावसाळ्याचे चार महिने तरी इकडे या. लगेच हो म्हणू नका आणि लगेच नाहीही म्हणू नका. आईने आधी स्वयंपाकघर बघावं, ओटा तिच्या उंचीला बसतो का ते सांगावं, मगच आम्ही बयाणा देऊ.

तुमची,
धाकटी